शरणपूर: नाशिकच्या एका शाळेची गोष्ट



थंडी सुरू झाली की आपल्यापैकी पुष्कळ जणी नाशिकला शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये स्वेटर घ्यायला जातात. मीही जाते. दोन वर्षांमागे माझी मुलगी बरोबर होती. रस्त्याची पाटी वाचून तिने विचारलं, "आई, शरणपूर म्हणजे इथे कोण शरण आलं होतं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला माझा इतिहास होता. पंचवटी विचारली असती तर सांगितली असती, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सांगितला असता. पण ज्या रस्त्यावर मी उभी होते, त्याचीच गोष्ट मला माहीत नव्हती. मग मी ती शोधली, आणि आज तीच तुम्हाला सांगणार आहे.

घर नसलेल्या मुलांना एका शाळेने घर दिलं आणि त्यातल्या काहींनी मोठेपणी दुसऱ्या बेघर माणसांना जागा दिली, अशी ही गोष्ट आहे. तिच्यात चांगलं आहे तसं खटकणारंही आहे. मी दोन्ही सांगते.

आधी ती मुलं कुठली ते पाहू.

जंजिऱ्याचा सिद्दी आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरही ठाऊक असतो. ही मूळची आफ्रिकेतली माणसं. मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे असं करत करत दख्खनला पोहोचला. म्हणजे आफ्रिकेतून माणसं पकडून विकायची हा धंदा जुनाच होता. एकोणिसाव्या शतकात तो फार वाढला. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ झांझिबार नावाचं बेट आहे. तिथे लवंगेच्या मोठमोठ्या बागा लागल्या. आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग, तीच. बागांत राबायला गुलाम लागत. शिवाय अरबस्तान आणि इराणकडेही गुलामांना गिऱ्हाईक होतं. मग टोळ्या आतल्या मुलखात शिरायच्या, गावं लुटायच्या, माणसांना बांधून किनाऱ्यापर्यंत पायी चालवत आणायच्या आणि गलबतात भरायच्या. त्यात बायका आणि लेकरं पुष्कळ असायची.

आपल्याकडे १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेतला होता. इंग्रजांची लढाऊ जहाजं अरबी समुद्रात गलबतं अडवायची. गलबत पकडलं की आतली माणसं सुटायची. पण सुटली म्हणजे पुढे काय? आठ-दहा वर्षांचं पोर समजा. त्याची बोली कुणाला कळत नाही. गाव कुठल्या दिशेला, हे त्याला सांगता येत नाही. किनाऱ्यावर परत सोडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणी पकडून विकणार. साखळी तुटली, पण जायला घर नाही. अशी कितीतरी मुलं मुंबईच्या बंदरात उतरवली गेली.

आता नाशिककडे येऊ.

१८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या पाद्र्याने नाशिक शहराबाहेर एक वस्ती वसवली. तिचं नाव शरणपूर. शरण आलेल्यांचं गाव. आज शहर इतकं वाढलंय की ती जागा भर वस्तीत आली, पण तेव्हा तो गावाबाहेरचा माळ होता. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांना घरच्यांनी आणि जातीने बाहेर काढलं त्यांना, आणि अनाथ मुलांना तिथे जागा मिळाली. राहायची घरं, शाळा, प्रार्थनेची जागा आणि हाताने काम शिकायचे कारखाने, असं सगळं एकाच ठिकाणी होतं. पुढे मुंबईत उतरवलेली आफ्रिकन मुलंही इथे येऊ लागली. समुद्र पाहिलेली, गलबतात कोंडलेली ती लेकरं घाट चढून नाशिकला आली.

शाळेत त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं जाई. शिवाय सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवले जात. मैत्रिणींनो, मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. नुसतं पोटाला घालून भागत नाही, हे तिथल्या लोकांनी ओळखलं होतं. आज भाकरी दिली तर उद्या पुन्हा हात पसरावा लागतो. हातात कसब आलं की पोर स्वतःच्या पायावर उभं राहतं. आपण गटात कर्जाबरोबर प्रशिक्षणाचा आग्रह धरतो, तो याच कारणाने.

हाच काळ आपल्या सावित्रीबाईंचाही. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि कुठेच थारा नसलेल्या विधवांना आपल्या घरात जागा दिली. सावित्रीबाई शाळाही चालवत होत्या आणि आसराही देत होत्या. शाळा म्हणजे फक्त पाटी-पुस्तक नाही, हे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात कळलेलं होतं.

आता खटकणारी बाजू. शरणपूरला आलेल्या मुलांना नवीन धर्म मिळाला आणि नवीन नावं मिळाली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, अशी. प्राइस हे तर वस्ती वसवणाऱ्या पाद्र्याचंच आडनाव. आईने हाक मारलेलं नाव मागे पडलं. लग्नानंतर ज्यांचं नाव बदललं त्या मैत्रिणींना हे वेगळं समजावून सांगायला नको. पण आपल्याला निदान माहेर असतं, तिथे जुनं नाव घेऊन बोलावणारं कुणीतरी असतं. या मुलांना तेही नव्हतं. आसरा मिळाला, पण त्यासाठी काय सोडायचं हे त्यांना कुणी विचारलं नाही.

त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याचं नाव अब्राहम.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटलंडचा डॉक्टर आणि धर्मप्रचारक. आफ्रिकेचा आतला मुलूख पायी पालथा घालणारा माणूस म्हणून तो जगभर प्रसिद्ध होता. १८६६ च्या सुरुवातीला तो मुंबईहून पुन्हा आफ्रिकेला निघाला, तेव्हा शरणपूरच्या शाळेतली नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. इंग्रजी येणारी, धंदा शिकलेली तरुण मुलं. अब्राहम त्यांपैकी एक. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात हा तांडा याओ लोकांच्या मुलखातून, म्हणजे आजच्या मोझांबिक देशाच्या उत्तरेकडच्या भागातून चालला होता. पाहुणे बघायला गावातली माणसं गोळा झाली. त्या गर्दीत अब्राहमला एक ओळखीचा चेहरा दिसला. तो त्याचा मामा की काका, नक्की कोणतं नातं ते इंग्रजी शब्दात कळत नाही, पण घरचं माणूस. अब्राहमने ओळख सांगितली. मग त्याला घरची बातमी कळली. त्याला पकडून नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणी, तिघीही विकल्या गेल्या होत्या.

नातेवाइकाने आग्रह केला, आता इथेच राहा. लिव्हिंग्स्टननेही सांगितलं की राहा, काही महिने निभावतील एवढ्या वस्तू मी तुला देतो. पण अब्राहम ऐकेना. त्याचं म्हणणं एकच होतं. इथे माझी आई नाही, बहीण नाही, मग मी राहू कशासाठी?

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले. जन्मभूमी मिळाली, बोली मिळाली, रक्ताचं माणूस मिळालं, आणि तरी त्याला ते घर वाटलं नाही. बेघर म्हणजे ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही तो, असं आपण समजतो. सरकारी यादीतही तसंच असतं. अब्राहमला छप्पर मिळालंच असतं. त्याची वाट बघणारी माणसं हरवली होती.

या मुलांची ओळख जगाला झाली ती जेकब वेनराइटमुळे. १८७२ साली लिव्हिंग्स्टनच्या मदतीला जी तुकडी पाठवली, तिच्यात शरणपूरच्या शाळेची आणखी सहा मुलं होती. जेकब त्यांतला. १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबिया देशातल्या एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या माणसांनी काळीज काढून तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर लिव्हिंग्स्टनचं नाव कोरलं. मग त्या सगळ्यांनी देह मिठात आणि उन्हात वाळवून, कापडात बांधून, हजार मैलांहून लांब समुद्रकिनाऱ्यापर्यंत खांद्यावरून आणला. जवळजवळ नऊ महिने लागले. वाटेत त्यांच्यातली काही माणसं दगावली. त्या तांड्यात बायकाही होत्या. लिव्हिंग्स्टनची स्वयंपाकीण हलिमा त्यांच्यातलीच. एवढ्या माणसांना रोज रांधून घालायचं, आणि चालायचंही. इतिहासात खांदा देणाऱ्यांची नावं मोठी होतात, चूल सांभाळणारीचं एखाद्या ओळीत येतं.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला मूठमाती दिली गेली. तिथे राजे आणि मोठमोठे लोक पुरलेले आहेत. शवपेटीला हात लावून चालणाऱ्या मानाच्या माणसांमध्ये जेकब वेनराइट होता. लहानपणी विकलेला आणि आपल्या नाशिकच्या माळावर लिहायला शिकलेला मुलगा. त्या प्रवासात त्याने रोजनिशीही लिहिली होती. ती आज स्कॉटलंडच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. लिव्हिंग्स्टनच्या मरणाच्या वेळी जवळ असलेल्या आफ्रिकन माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली म्हणून तिला मोल आहे. शरणपूरच्या शाळेत गिरवलेलं अक्षर कुठवर गेलं बघा.

पण खरं सांगू? माझ्या मनात जेकबपेक्षा विल्यम जोन्स जास्त राहिला.

जोन्स हाही याओ, हाही शरणपूरच्या शाळेचा. १८६४ साली त्याला आणि जॉर्ज डेव्हिड या दुसऱ्या विद्यार्थ्याला आफ्रिकेत मोंबासाजवळच्या रबाई गावी मिशनच्या कामाला पाठवलं. पुढे झांझिबारच्या सुलतानाने ५ जून १८७३ रोजी इंग्रजांशी करार करून तिथला गुलामांचा बाजार बंद केला. मग समुद्रात सोडवलेल्या माणसांना मुंबईला आणण्यापेक्षा तिथेच वसवावं, असं ठरलं. १८७४ च्या अखेरीस प्राइस स्वतः मोंबासाला गेला. पुढच्या वर्षी तिथे फ्रीअर टाउन नावाची वस्ती उभी राहिली. मुंबईचे आधीचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं नाव तिला दिलं. शरणपूरचीच ती थोरली आवृत्ती म्हणा. घरं, शाळा आणि कामाच्या जागा तशाच. ती उभारायला इकडून सुमारे दीडशे आफ्रिकन माणसं गेली. संसारवाले होते, लेकुरवाळे होते. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन', म्हणजे मुंबईचे आफ्रिकन, असंच म्हणत. इथे ते आफ्रिकेचे होते आणि तिथे मुंबईचे झाले. सासरी माहेरची आणि माहेरी सासरची, तसंच काहीसं.

त्या वस्तीची घंटा आजही मोंबासात उभी आहे. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की ती वाजवून सगळ्यांना सावध करायचे. त्या चौकाचं नावच केंगेलेनी पडलंय. तिकडच्या भाषेत घंटेला केंगेले म्हणतात.

रबाईला काय झालं ते ऐका. बाजार बंद झाला तरी किनाऱ्यावरच्या शेतांत आणि घरांत गुलाम होतेच. ते रातोरात पळून रबाईला यायला लागले. मिशनच्या वरिष्ठांचा आणि इंग्रज वकिलाचा हुकूम होता की पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नका, मालक चिडतात, भांडण अंगावर येतं. मालक हत्यारं घेऊन येण्याच्या धमक्या देत होते. आपल्याच गावात एखादी मारहाण झालेली बाई रात्री दार वाजवते आणि घरातले म्हणतात, लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस, तेव्हा जशी पंचाईत होते, तशीच ही. पण रबाईचं काम ज्यांच्याकडे होतं त्या डेव्हिडने आणि नंतर जोन्सने माणसं परत लावली नाहीत. त्यांना जमीन कसायला जागा दिली. आपणही कधी असेच दारात उभे होतो, हे ते विसरले नव्हते, असं मला वाटतं.

बघता बघता माणसं शेकड्यांनी झाली. शेवटी इंग्रज कंपनीला त्यात पडावं लागलं. मालकांना भरपाई देण्यात आली आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाई आणि आसपासच्या मिशनच्या वस्त्यांवरच्या सुमारे चौदाशे माणसांना सुटकेचे कागद मिळाले. सरकारी कागदाला तेव्हाही किंमत होती, आजही आहे. पण कागद मिळेपर्यंत त्यांना कुणीतरी ठेवून घेतलं होतं, म्हणून कागद मिळाला.

शरणपूरच्या इतिहासाची दुसरी बाजूही आहेच. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत या मुलांबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत. काही मुलं त्याला मध्येच सोडून गेली. रिचर्ड तर पहिल्याच वर्षी वाटेत वारला. मुलांनी कुठे जायचं, काय व्हायचं, याचे निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच घेतले. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्यांना गलबतातून बाहेर काढलं त्यांना तिथे चार भिंती, हातात कसब, वाचता येणारे डोळे आणि एकमेकांची सोबत मिळाली. म्हणून त्यांच्यातला मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात जगला आणि आपली कहाणी सांगत राहिला.

आता आपल्या गावाकडे येते.

मी निफाड तालुक्यातल्या गटांचं काम पाहते. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी सुरू झाली की सुरगाणा, पेठकडची आणि गुजरातच्या डांगातली कुटुंबं आमच्याकडे येतात. बागेच्या बांधाला प्लॅस्टिकचा कागद बांधून राहतात. आई-बाप बागेत, लेकरं बांधावर. दोन वर्षांमागे एका गावच्या गटाने ठरवलं की यांना पांघरुणं द्यायची. चांगलं काम होतं. मी यादी केली. यादीत मी लिहिलं, 'मजुरांची मुलं: सात'. एवढंच.

शरणपूरची गोष्ट शोधत होते तेच हे दिवस. एका रात्री ती यादी पुन्हा हातात आली आणि मला माझीच लाज वाटली. ज्या मिशनरींना मी नावं ठेवत होते, त्यांनी निदान नवीन का होईना, नावं तरी दिली होती. मी आकडा लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी-चौघी बांधावर गेलो आणि नावं विचारून लिहून घेतली. त्यातली एक मुलगी नऊ वर्षांची, कडेवर भाऊ. गावी चौथीत होती म्हणाली. बैठकीत विषय काढला तेव्हा सगळ्यांना पटलं असं नाही. एक जण म्हणाली, "दोन महिन्यांनी जाणारी पोरं. आपल्या पोरांच्या वर्गात कशाला गर्दी?" तेव्हा गटातल्या सगळ्यांत वडील आजी बोलल्या. त्या म्हणाल्या, "मी ऊसतोडीच्या अड्ड्यावरच जन्मले. मला कुणी शाळेत बोलावलं असतं तर आज अंगठा लावला नसता." मग कुणी काही बोललं नाही.

शाळेच्या बाईंनी त्या मुलांना वर्गात घेतलं. त्या मुलीला तर भावासकट बसू दिलं. छाटणी संपली, कुटुंबं गेली. ती मुलगी पुढच्या गावी शाळेत गेली की नाही, याची हुरहुर मला अजून आहे.

मैत्रिणींनो, काही गोष्टी नीट ध्यानात ठेवा, कारण आपल्यातल्या कितीतरी जणी शाळा व्यवस्थापन समितीत आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं. ते घेऊन मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकतं. आई-बाप ऊसतोडीला गेले तरी मूल गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे, तिची मागणी शाळा समितीने करायची असते. आणि शहरात कुणी उघड्यावर झोपलेलं दिसलं तर महापालिकेकडे बेघरांसाठी निवारा केंद्राची चौकशी करा. एक लाख लोकवस्तीमागे शंभर जणांची सोय असलेलं एक केंद्र असावं, असा नियम आहे.

हे सगळं कराच. पण सुरुवात नाव विचारण्यापासून करा. तुझं नाव काय, आई कुठे आहे, तुला काय येतं, पुढे कुठे जाणार. बांधावरचं लेकरू असो की फलाटावरची म्हातारी, आधी हे विचारा आणि ती काय म्हणते ते ऐका. अब्राहमला परक्या मुलखात नेऊन पुन्हा त्याच्या मुलखात आणलं, पण त्याचं घर कुणाला परत देता आलं नाही. आपल्याकडे येणाऱ्या लेकरांच्या आया अजून त्यांच्याजवळ आहेत. त्यांची शाळा तेवढी सुटू द्यायची नाही.

मुलीला मी आता उत्तर देऊ शकते. शरणपूरला कोण शरण आलं होतं ते तिला सांगितलंय. पुढच्या वेळी स्वेटर घ्यायला गेलात तर तुमच्या लेकींनाही सांगा. आणि स्वेटर विकणाऱ्या तिबेटी ताईंकडेही जरा वेगळ्या नजरेने बघा. त्यांच्या लोकांनाही आपला देश सोडून यावं लागलं आहे. शरणपूर रोडला अजून शरणपूरचं काम आहे.

यंदाच्या छाटणीला तुमच्या गावात बांधावर किती मुलं आली, ते पुढच्या बैठकीत मोजू नका. त्यांची नावं लिहून आणा.